चंद्याच्या पोटातला वारा

जयवंता चांगली बाई नव्हती. आज तिच्या तेराव्याला पंगतीत बसून जो तो म्हणत होता, काय बाई होती, गुरांची माय होती, तिच्या हाताला गुण होता. ह्याच तोंडांनी तिला चेटकी म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय. माणूस मेलं की लोकांच्या जिभेला कुठनं येवढी साखर लागते कोण जाणे.

मी अंबूबाई. साजगावात तिच्या दारासमोर माझं दार. ती नवरी होऊन आली तवापासनं तिचं सगळं मी उंबऱ्यावर बसून बघितलंय, तर मी कशाला खोटं बोलू. भांडखोर होती. हाताची घट्ट होती. ताक मागायला गेलं तर गाडग्यात ताक कमी आणि पाणी जास्त. माझी कोंबडी तिच्या परसात शिरली तर पाय बांधूनच परत यायची, वर चार शब्द ऐकावे लागायचे ते वेगळे. विहिरीवर तिचा हंडा भरंस्तोवर दुसऱ्या कुणी दोर टाकायचा नाय. माझं आणि तिचं कवा पटलं नाय, आणि ती मेली म्हणून आता पटलं असं मी म्हणणार नाय. पण तिच्यावर जो अन्याय झाला तो झाला. तिनं त्याचा जो वचपा काढला, तसा मी दुसरा बघितला नाय. गावाला ते सांगायची लाज वाटते, म्हणून मी सांगते.

माहेर तिचं कुंभिवलीचं. बाप वाघ्या, गाडीवान. खालचा माल गाडीत भरून घाट चढवायचा आणि वरचा माल खाली उतरवायचा, हाच त्याचा जन्म. मग आगगाडी घाट चढायला लागली आणि ह्यांच्या गाड्या बसल्या. वाघ्यानं एकेक करत सगळे बैल विकले. एक पाडा तेवढा विकला नाय. पोरीचं लग्न आमच्या गावच्या नवशाशी लागलं तवा तो पाडा आंदण म्हणून तिच्यामागनं चालवत आणला. कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका, म्हणून नाव चंद्या. सासरच्या दारात नवरी रडली नाय, पाडाच हंबरत होता. ती वळली, त्याच्या गळ्याखाली खाजवलं, तसा गप झाला. आमी बायका हसलो होतो. म्हटलं, ही नवऱ्याच्या आधी बैलाला ओळखते.

तिच्या पेटीत लुगड्यांच्या खाली बापाचा टोच्या होता. दाभणापेक्षा जाड, लाकडी मुठीचं टोकदार लोखंड, आणि त्याच्याबरोबर करंगळीयेवढी वेळूची नळी. घाटात चढणीवर बैलाचं पोट फुगलं तर गाडीवानाला वैद्य कुठला मिळणार. ते डावी कूस टोचायचे, भोकात नळी घालायचे, आत कोंडलेला वारा काढून टाकायचे, की बैल उभा. जयवंतानं लहानपणी बापाच्या गाडीवर बसून हे बघितलं होतं, हातानं केलंबी होतं.

आता ह्या घरात दोघे भाऊ. थोरला आबाजी आणि धाकटा हा नवशा. नवशा म्हणजे ओलं पोतं, टाकलं तिथं पडलं. 'दादा म्हणंल तसं' ह्याच्यापलीकडं त्याला बोलणं ठाऊक नव्हतं. आणि दादा कसा, तर धिप्पाड, आवाज मोठा, बायको लवकर गेली, सुटली बिचारी. दुसऱ्याच्या हातात काय चांगलं दिसलं की त्याच्या पोटात दुखायचं.

आमच्याकडं धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी थेट बोलायचं नाय. पदर पुढं ओढायचा, तोंड खांबाकडं करायचं, आणि सांगायचं ते मांजराला सांगायचं, भांड्याला सांगायचं, नायतर शेजारणीला. त्याच्या अंगाला अंग लागणं तर सोडाच, सावलीबी चुकवायची. सगळ्याच घरांत ही रीत. पण जयवंताचं मांजर फार बोलकं होतं. "मने, काही लोकांना आपल्या ताटातलं पुरत नाय गं," असं ती मांजराला म्हणायची आणि आबाजीचा घास हातात राहायचा.

सासरा वारला आणि वाटणी झाली. शेत वाटलं, घर-अंगण वाटलं, भांडी वाटली, शेणाचा उकिरडासुद्धा दोरी लावून वाटला. राहिली बैलजोडी. चंद्या, आणि घरच्या गाईचा हरण्या. दोघे एकत्र वाढले, एका जुवाखाली तयार झाले. गावातल्या माणसांनी सांगितलं, चंद्या सुनेच्या माहेरचा, तो नवशाला जाऊ द्या. आबाजी म्हणाला, "घरात आलं ते घराचं झालं. चंद्या माझा." त्याला बैल हवा होता असंबी नाय. तिचा होता म्हणून हवा होता. आत जयवंता मांजराला काय काय म्हणाली, ते मी इथं सांगत नाय. नवशानं मान खाली घातली आणि म्हणाला, दादा म्हणंल तसं. झालं.

गोठ्याच्या मधे काटक्या-शेणमातीचा कूड घातला. अलीकडं हरण्या, पलीकडं चंद्या. कुडाला एक भोक होतं. जयवंता त्यातनं हात घालायची आणि पलीकडनं चंद्या मान आणून तिच्या बोटांशी घासायचा. आबाजीला कळलं तसं त्यानं शेणमातीनं ते भोक बुजवलं. नुसतं बुजवलं नाय, मला हाक मारून बुजवलं. म्हणाला, "अंबूवैनी, सांगा तिला, बैल खाजवायचा असंल तर स्वतःचा खाजवावा." मेल्याची जीभच तशी.

पण एका बैलानं नांगर चालत नाय. नांगरटीला जोडी तीच लागायची. एक दिवस ह्याच्या शेतात, एक दिवस त्याच्या. आणि निरोप कोणी न्यायचे, तर मी. "वैनी, सांगा, उद्या माझी पाळी." "अंबूबाय, सांगा, काल बैलाला मारलं, पाठीवर वळ हाय." दोन घरांच्या मधे माझी जीभ झिजली. ताक मात्र पाण्याचंच मिळालं.

जयवंताचं मागणं फार नव्हतं. बैल परत द्या असं ती एकदाच बोलली, पुन्हा नाय. पण दर पोळ्याला सकाळी ती आरतीचं ताट घेऊन आबाजीच्या अंगणात उभी राहायची. माझ्या बापाचा बैल, वर्षाचा एक दिवस मला ओवाळू द्या. दर वर्षी आबाजी मला सांगायचा, "तिला म्हणावं, बैल माझा, आरतीबी माझ्या घरची." ती ताट घेऊन परत जायची. पुढच्या वर्षी पुन्हा उभी. हट्टाला तोड नव्हती, दोघांच्याबी.

पोळ्याची आमच्या गावची रीत अशी, की त्या दिवशी बैलाला लोखंड दाखवायचं नाय. नांगराचा फाळ झाकून ठेवायचा, विळा कोनाड्यात, गवत आदल्या दिवशी कापायचं. बैलाच्या अंगावर काठी नाय, वेसणीला हिसका नाय. त्या दिवशी तो घरचा देव. आणि देवाला जेवण. ह्या दोघा भावांनी त्याचीबी शर्यत केली. एका जोडीचे दोन बैल, एकाचं जेवण दुसऱ्यापेक्षा कमी दिसता कामा नये. नवशानं हरण्याला पुरणपोळी दिली की आबाजी चंद्याला टोपलीभर द्यायचा, तीबी अंगणात, गावाला दिसंल अशी.

त्या वर्षी आबाजीनं कहर केला. पुरणपोळ्या झाल्या, गूळभात झाला, वर पाटीभर वालाच्या घुगऱ्या. चंद्या तोंड फिरवायला लागला तर हा त्याचा जबडा धरून चारत होता. "खा राजा, आपण भिकाऱ्याच्या घरचे नाय," असं जयवंताच्या अंगणाकडं बघून. ती तिथंच उभी होती. मला म्हणाली, "अंबूबाय, त्यांना सांगा, घुगऱ्या पोटात फुगतात. बास करा." मी सांगितलं. आबाजीनं आणखी एक पाटी आणली.

दुपार कलली तशी गावाच्या बैलांची मारुतीला फेरी निघाली. चंद्या निघंना. पाय झाडायचा, मान वळवून स्वतःच्या पोटाकडं बघायचा, रवंथ बंद. डावी कूस वर येत चालली होती. बघता बघता ती पाठीच्या कण्याच्यावर गेली, टिचकी मारली तर ढोलकं वाजावं तशी. तोंडातनं लाळ, श्वास घ्यायला जागा नाय. आबाजी म्हणाला, दृष्ट लागली. मीठमिरच्या उतरवल्या. तेलात हिंग आणि ओवा घालून बांबूनं पाजलं. तोंडात आडवी काठी बांधली, ढेकर यावा म्हणून. त्यानं कधीमधी गुण येतो. त्या दिवशी आला नाय.

तेवढ्यात जयवंता आली. हातात टोच्या आणि नळी. गोठ्याच्या दारापाशी थांबली, पदर पुढं, तोंड खांबाकडं.

"अंबूबाय, त्यांना सांगा, डावी कूस टोचायची. बरगडी संपते आणि मांडीचं हाड सुरू होतं, त्याच्या मधे. आता लगेच."

आबाजी दोन हातांच्या अंतरावर उभा होता, त्याला अक्षर न अक्षर ऐकू येत होतं. तरी मी तोंड वळवून त्याला सांगितलं, कारण रीत तशी.

"सांगा तिला," आबाजी म्हणाला, "आज पोळा हाय. माझ्या गोठ्यात लोखंड येणार नाय."

मी तिला सांगितलं.

"त्यांना सांगा, बैल गेला तर कसला पोळा."

मी त्याला सांगितलं.

"तिला सांगा, सणाच्या दिवशी बाईमाणसाच्या हातनं बैलाचं रक्त काढलं, तर ते पाप माझ्या घराला लागंल. आणि हेबी विचारा, सकाळी ताट घेऊन अंगणात कोण उभी होती. काय चारलं माझ्या बैलाला?"

अंगणात माणसं जमली होती. आज जी पंगतीत गोडवे गात होती तीच. त्यांनी माना डोलावल्या. हां, लोखंड नको. हां, सकाळी ती उभी होती खरी. एकानंही म्हटलं नाय की आबाजी, घुगऱ्या कोणी चारल्या ते आमी बघितलं.

जयवंता नवशाकडं वळली. "तुमी जा आत. तुमचा भाऊ हाय, तुमाला नाय म्हणणार नाय. मी बाहेरनं सांगते कसं करायचं."

नवशा म्हणाला, "दादा नको म्हणतोय ना गं."

मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली, अजून वाटते.

आत चंद्या गुडघ्यांवर आला. शिंगांना बेगड, गळ्यात नवे घुंगरू, आणि जीभ बाहेर. जयवंतानं पाऊल उचललं. तसा आबाजी गोठ्याच्या दारात आला आणि दोन हात दोन खांबांना लावून उभा राहिला. त्यानं तिला हात लावला नाय, शिवी दिली नाय. नुसता उभा राहिला. त्याला ठाऊक होतं, ह्याच्यापुढं ती येऊ शकत नाय. येवढ्या गावासमोर थोरल्या दिराच्या अंगाला घासून जाणारी बाई आमच्यात जन्माला आली नव्हती. तीबी थांबली. हातभर अंतरावर. टोच्या हातात, नळी हातात, आणि त्याच्या काखेखालनं तिला चंद्या दिसत होता.

"पाया पडते," ती खांबाला म्हणाली. "मला बैल नको. ओवाळायला नको. पुन्हा दारात येणार नाय. येवढं टोचू द्या."

आबाजी तसाच उभा.

चंद्या कुशीवर पडला, पाय ताणले, घुंगरू वाजलं आणि थांबलं. जयवंता वळली आणि घरी गेली. रडली असंल तर कुणाला ऐकू आलं नाय.

दुसऱ्या दिवसापासनं गावात ती चेटकी झाली. आबाजीनंच उठवलं, आणि लोकांना काय, फुकटचं चघळायला मिळालं. विहिरीवर बायका बाजूला सरायच्या. तिनं काय केलं, तर तिच्या घरच्या कुडाला, अंगणातनं आबाजीला येताजाता दिसंल अशा जागी खुंटी ठोकली, आणि तो टोच्या तिथं टांगला. पुसून, तेल लावून. पोळा आला तरी तिथंच. कुणाची हिंमत झाली नाय काढा म्हणायची.

मग एकेकाची गुरं फुगायला लागली, ती काय नवी गोष्ट नाय. चेटकी म्हणणारे मागल्या दारानं यायचे. ती आधी शिव्या द्यायची. बाप, आजा, कुणी सुटायचं नाय. "माझ्या हातनं चालंल का रं आता? पाप नाय का लागत?" असं विचारून त्याला हो म्हणायला लावायची आणि मग टोच्या काढायची. बैल उभा राहिला की तिथं थांबायची नाय, कुणी गूळ दिला तर घ्यायची नाय. ह्याला लोक हाताला गुण म्हणतात. मी त्याला राग म्हणते. प्रत्येक टोचणीला ती आबाजीलाच टोचत होती.

आबाजीनं दुसरा बैल घेतला, तांबडा. हरण्याबरोबर जुंपायला शिकवला. निरोप पुन्हा माझ्याच तोंडानं.

तीन-चार पावसाळे गेले असतील. भात कापून झालं होतं, शेतांत वाल उगवून हिरवागार झाला होता. तांबड्यानं पहाटे दावं तोडलं आणि दवानं भिजलेल्या वालात शिरला. कोवळा ओला वेल, पोट फुटंस्तोवर खाल्ला. आबाजीनं धरून आणला तवा चांगलं ऊन आलं होतं आणि तांबड्याची डावी कूस कण्याच्यावर गेली होती. हिंग झाला, तेल झालं, काठी झाली. मी दारातनं बघत होते. हलले नाय.

आबाजी बाहेर आला. जयवंताच्या अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. समोर तिच्या कुडावर टोच्या. तिथनं त्यानं मला हाक मारली.

"अंबूवैनी, जरा तिला सांगा..."

मी गेले, मधे उभी राहिले, नेहमीसारखी. जयवंता भांडी घासत होती. उठली. हात धुतले. डोक्यावरचा पदर काढला आणि कंबरेला खोचला. खुंटीवरनं टोच्या घेतला, आतनं नळी आणली, आणि माझ्या बाजूनं निघून सरळ आबाजीच्या समोर जाऊन उभी राहिली. त्याच्या डोळ्यांत बघून बोलली.

"चला, भावजी."

इतक्या वर्षांत तो आवाज त्याच्याकडं तोंड करून पहिल्यांदा निघाला. तो मागं सरकला. मीबी दचकले, खोटं कशाला सांगू.

गोठ्याच्या दारात ती थांबली. दोन्ही वस्तू त्याच्या पुढं धरल्या. "धरा."

"मी?" आबाजी म्हणाला. "मला नाय जमायचं. तू टोच."

"माझ्या हातचं लोखंड तुमच्या गोठ्यात चालत नाय. तुमच्या हातचं चालंल. धरा, बैल थांबणार नाय."

त्यानं धरलं. टोच्या आधी उलटा धरला, मग सुलटा केला. जयवंता उंबऱ्यावर उभी राहिली, दोन हात दोन खांबांना लावून. तिथनंच सांगत होती. बरगडी चाचपा. मांडीचं हाड चाचपा. मधली जागा. खाली नाय, वर. आता जोर लावा. लावा म्हणते ना. दारात उभं राहताना होता तो जोर कुठं गेला?

आबाजीनं डोळे मिटून टोचलं. तांबडा थरारला. "आता काढा आणि नळी घाला, चटकन." त्यानं नळी घातली.

आणि वारा निघाला. केवढा सूऽऽ आवाज, आंबलेल्या गवताचा वास, गोठा भरून गेला. थांबंचना. कूस हळूहळू खाली बसायला लागली. बैलाचा श्वास मोकळा झालेला बाहेर मला दिसत होता. आबाजी नळी धरून उभा, आणि त्याच्या कानाशी तो वारा निघतोय.

जयवंता त्याला म्हणाली, "ऐका, भावजी. चंद्याच्या पोटात येवढंच होतं."

आबाजीनं मान वर केली नाय.

"नळी धरून ठेवा," ती म्हणाली. "मी सांगंस्तोवर सोडायची नाय." खांबांवरचे हात काढले, पदर पुन्हा डोक्यावर घेतला आणि घरी जाऊन उरलेली भांडी घासायला बसली.

वारा निघून गेला. कूस बसली. तांबड्यानं ढेकर दिला, थोड्या वेळानं रवंथ सुरू केला. आबाजी तसाच, वाकून, नळी धरून. पाठ भरून आली असंल.

"वैनी," तो म्हणाला, "तिला विचारा, सोडू का."

"मी नाय विचारणार," मी म्हटलं. "तिनं तोंड उघडलंय आता. तूच विचार."

त्यानं नळीवरचा हात बदलला. मग कुडाकडं तोंड करून म्हणाला, "जयवंता, सोडू का?" तिचं नाव त्यानं त्याच्याआधी घेतलेलं मला आठवत नाय.

पलीकडं भांड्यांचा आवाज चालू होता. उत्तर आलं नाय. त्यानं पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारलं नाय, नुसता उभा राहिला. ऊन अंगणातनं सरकून भिंतीवर गेलं तरी उभा होता.

नळी कवाच काढली असती तरी चाललं असतं. येवढं मला तिच्या टोचण्या बघून बघून ठाऊक झालं होतं. पण मी बोलले नाय. दोघांचे निरोप नेता नेता माझा जन्म गेला होता, आणि त्याला मोकळं करायचा निरोप मला कुणी दिला नव्हता. मी माझ्या उंबऱ्यावर जाऊन बसले.

दिवेलागण झाली तशी जयवंता दिवा लावायला बाहेर आली. पदर पुढं, तोंड खांबाकडं. मांजराला म्हणाली, "मने, सांग त्यांना, सोडा."